रबराची रिंग

अर्बनचा दातांच्या डॉक्टरवर दात होता. कारण जुनं होतं. ग्रेगरी डॉक्टरने एकेकाळी एथेलला मागणी घातली होती, हे सगळ्या वाकोल्याला ठाऊक होतं. एथेलने त्याला नाही म्हटलं आणि अर्बनशी लग्न केलं. ग्रेगरी मात्र सडाफटिंगच राहिला. पुढे एथेलच्या एका बाजूच्या दाढा पडल्या, तेव्हा काढता-घालता येणारी कवळी त्यानेच बसवली.

कवळी झकास होती. कवळी धरून ठेवणारा तारेचा आकडा हसताना दिसू नये म्हणून त्याने एथेलच्या सुळ्यावर टोपी चढवून त्या टोपीला बारीकशी घुंडी ठेवली होती. कवळीच्या खोबणीत रबराची रिंग; घुंडी तिच्यात टचकन बसे. फक्त ही रिंग झिजायची. मग कवळी सैल व्हायची आणि एथेल नवी रिंग घालून घ्यायला जायची. जाताना ठेवणीतला फ्रॉक घालायची, येताना हसत यायची. अर्बनच्या पोटात दुखायला एवढं पुरे होतं.

अर्बन विक्रोळीच्या कारखान्यात फिटर. मशीनमध्ये सगळ्यात आधी रबर झिजतं, हे तो रोज बघायचा. बाई पुन्हा पुन्हा यावी म्हणूनच डॉक्टरने रबर घातलंय, असं त्याच्या मनाने घेतलं. तडक दवाखान्यात जाऊन तो म्हणाला, रबर काढ, धातू बसव. ग्रेगरीने परोपरीने समजावलं. धातू घट्ट धरेल, पण कवळी काढताना सगळा ताण सुळ्यावर येईल. दात झिजू नये, हलू नये, म्हणून तर रिंग झिजते. अर्बनला यात नुसती लबाडी दिसली. घरी येऊन त्याने असा काही धिंगाणा घातला, की शेवटी एथेलच डॉक्टरला म्हणाली, बसव बाबा धातू.

कवळी पक्की झाली. दवाखान्याच्या फेऱ्या थांबल्या. रविवारी चर्चमध्ये मिस्साला अर्बन मुद्दाम ग्रेगरीच्या पुढच्या बाकावर ताठ बसू लागला. घरी एथेल मोरीत उभी राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत कवळी ओढायची. अर्बन ते बघायचा आणि सवय होईल म्हणायचा.

नाताळाच्या सुमारास सुळा हलायला लागला. एका सकाळी कवळी ओढताना तो घुंडीसकट हातात आला. एथेलने तो धुतला आणि अर्बनच्या चहाच्या कपाजवळ ठेवला.

अर्बनचा चेहरा उतरला. चल, आत्ताच दवाखान्यात जाऊ, मी येतो बरोबर, म्हणाला.

"तू नको," तोंडावर हात धरून एथेल म्हणाली. "माझा दात राहावा असं त्याला तरी वाटत होतं. तुला नुसती मी घरात राहायला हवी होते."

ती चपला घालून निघाली. अर्बन दारापर्यंत गेला. कधी परत येशील, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.