बत्तिसावी पट्टी

[                    ]

बत्तीस नावं भरायला तिला महिना लागला होता. उसवायला दोन दिवस पुरले.

पोलिसांचे गणवेश शिवणाऱ्या त्या खोलीत नावाच्या पट्ट्यांचं काम तिच्याकडे होतं, म्हणून सगळे तिला पट्टीवाली म्हणत. शेजारी काजवाली बसे. तिचं मशीन काजं करी आणि तोंड बाकीचं सगळं.

वरून आदेश आला. बंदोबस्ताच्या तुकडीतल्या कुणाचंही नाव छातीवर दिसता कामा नये. लोक फोटो काढतात, नाव वाचून घर शोधतात, बायकामुलांना धमक्या देतात. पट्ट्या कोऱ्या करा. नवं कापड काही आलं नाही, तेव्हा जुन्याच पट्ट्या उसवायचं ठरलं.

पट्टीवालीला हे मनापासून पटलं. तिचा धाकटा भाऊ त्याच तुकडीत होता. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याच्या छातीवरचं नाव कुणी वाचू नये, यात तिला वावगं काय वाटणार?

"तोंड झाकलेलं, छाती कोरी," काजवाली म्हणाली. "यांच्या बायकांनी नवरा ओळखायचा कसा? चालीवरून?"

उसवण्यात एक मेख असते. दोरा निघतो, पण सुईची भोकं राहतात. पट्टी उजेडाला धरली की अख्खं नाव ठिपक्याठिपक्यांनी उमटतं. म्हणून उसवलेली पट्टी पालथी घालायची, वर ओलं फडकं पसरायचं आणि इस्त्री दाबून धरायची. वाफ लागली की कापड फुगतं, भोकं बुजतात. एकतीस पट्ट्यांना तिनं अशी वाफ दिली. बत्तिसावी धाकट्याची. तो दारात उभा, एक पाय बाहेर.

"ताई, दे पटकन. गाडी सुटेल."

"दोन मिनिटं थांब, वाफ देते."

"पट्टी आहे ती, चोंदलेलं नाक नाही. आण इकडे."

तिनं दिली, आणि विसरून गेली.

[                    ]

त्यानंतर बसडेपोच्या फाटकावर जे व्हायला नको होतं ते झालं. डेपो बंद करू नका म्हणून लोक जमले, रेटारेटी झाली, तुकडीनं गोळ्या झाडल्या आणि एक कंडक्टर जागीच गेला. गोळी आरपार गेली, सापडली नाही. आठ जणांनी बंदुका चालवल्या होत्या, आणि आठही जण म्हणाले, आपण हवेत झाडली.

नवव्या दिवशी, भर दुपारी, एक म्हातारे गृहस्थ खोलीत आले. कंडक्टरचे वडील. त्यांचा जन्म छापखान्यात गेला होता, शिशाची अक्षरं एकेक वेचून ओळी जुळवण्यात. त्यांनी कागदाची पुडी सोडून पट्टी टेबलावर ठेवली.

"ही तुमच्याकडची का, बाई?"

"आमच्याकडचीच दिसते, काका."

"पोराच्या मुठीत होती. नर्सनं एकेक बोट सोडवून काढली. साहेबांना दाखवली तर म्हणाले, कोरी आहे, कुणाचीही असेल." त्यांनी पट्टी उलटी करून खिडकीच्या काचेला लावली. "मी चाळीस वर्षं अक्षरं उलटीच वाचली. ही कोरी नाही. पहिली दोन मला लागतात, पुढे डोळे साथ देत नाहीत. तुमचं बोट वाचेल का?"

बोट फिरवायची गरजच नव्हती. बत्तिसांतली एकच पट्टी वाफेविना गेली होती. 

"आज हात ठीक नाही हो," ती म्हणाली. "उद्या दहाला या."

"येतो. पट्टी राहू द्या तुमच्याकडेच. माझ्याकडे असली की दिवसभर उजेडाला धरून बसतो. सून म्हणते, बाबा, काच झिजेल." दारात ते थांबले. "दुसऱ्या हातात तिकिटं टोचायचा पंच होता त्याच्या. चौदा वर्षं तिकिटांना भोकं पाडली. झोपतानाही उशाशी असायचा."

[   जे घडलं नाही   ]

इस्त्री गरमच होती. पट्टीवालीनं पट्टी पालथी घातली, ओलं फडकं पसरलं आणि इस्त्री टेकवली. फुस्स झालं, भोकं मिटली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, काका, काही लागत नाही हो. ते म्हणाले, बरं. धाकटा नोकरीवर राहिला, त्याचं लग्न झालं, पोरं झाली. दर रविवारी तो ताईकडे जेवायला यायचा, आणि दोघं जन्मभर एकमेकांच्या ताटाकडे बघत जेवले. तोंडाकडे कधीच नाही.

यातलं फडकं पसरण्यापर्यंतचं खरं आहे. इस्त्री तिच्या हातात होती.

"बरं झालं, त्यांनी ती माझ्याकडे नाही ठेवली," काजवाली मान वर न करता म्हणाली. "मला नसतं झेपलं."

पट्टीवालीनं प्लग काढला.

[                    ]

संध्याकाळी ती धाकट्याच्या खोलीवर गेली. आठ दिवस तो रजेवर होता आणि फोनवर तिला सर्दी झालीय म्हणून सांगत होता. कोपऱ्यात बादलीत गणवेशाचा शर्ट भिजत पडला होता.

"जेवलास?"

"हो."

"काय जेवलास?"

त्याला सांगता येईना. तिनं पट्टी त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं ती पाहिली नाही, नुसती चाचपली.

"वाफ द्यायची राहिली होती," ती म्हणाली.

"मग आता दिलीस का?"

"नाही."

त्यानं पट्टी मुठीत धरली. 

"मला वाटलं, त्याच्या हातात काहीतरी आहे. सरळ माझ्या अंगावर येत होता. लोक त्याला मागून ढकलत होते, ते नंतर कळलं. मी हवेत नाही झाडली, ताई. पडल्यावर मीच धावलो, दोन्ही हातांनी दाबून धरलं. तेव्हा त्यानं ही पट्टी धरली, ती उसवून त्याच्या मुठीतच राहिली. विचारलं, नाव काय तुझं."

"मग?"

"नाही सांगितलं. आदेश होता ना."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. चौथ्या किकला ती चालू झाली.

"उद्या दहाला त्याचे वडील येणारेत," ती म्हणाली. "मी वाचून दाखवणार आहे. तुझं आजवर सगळं पदराखाली घेतलं, हे नाही घेता येत मला. तू आलास तर मला वाचावं लागणार नाही."

"नोकरी जाईल."

"जाईल."

"आत टाकतील."

"टाकतील. मी डबा आणीन."

"तुझ्या हातचा? एका गुन्ह्याला दोन शिक्षा?"

तिला हसू फुटलं आणि त्यातच रडूही आलं. धाकटा तिच्या तोंडाकडे बघत होता.

[   धाकटा   ]

दहाला म्हातारे आले. दहा वाजून पाच मिनिटं झाली, दहा झाली. दारात कुणी नव्हतं. काजवालीचं मशीनही बंद होतं.

पट्टीवालीनं पट्टी काचेला लावली आणि पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. 

"पहिलं अक्षर," ती म्हणाली.

दारातून कुणीतरी नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव, हजेरीला सांगतात तसं.

म्हाताऱ्यांनी मागे वळून पाहिलं नाही. आधी पट्टीवर बोट ठेवून आडनावाची चारही अक्षरं सावकाश तपासली. "जुळलं," ते म्हणाले, आणि मग वळले.

"त्यानं विचारलं होतं मला," धाकटा म्हणाला. "तेव्हा सांगितलं नाही."

म्हातारे त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघत राहिले. काजवालीनं स्टूल पुढे केलं, तेव्हा कुठे बसले.

"नऊ दिवस भिंतीशी बोलतोय मी," ते म्हणाले. "मला पुष्कळ विचारायचंय. एका दिवसात नाही व्हायचं."

"विचारा."

"इथे नाही. चौकशीच्या साहेबांपुढे. आणि मी माफबिफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"चल मग. माझा गुडघा दुखतो, हळू चाल."

धाकट्यानं पट्टीकडे हात केला. "ताई, आधी नाव भरून दे."

"ती नको," म्हातारे म्हणाले. "ती अशीच न्यायची."

पट्टीवालीनं उरल्यासुरल्या कापडातून नवी पट्टी कापली. मशीनवर नाही, हातानं भरली. वीस मिनिटं तिघंही थांबले. म्हाताऱ्यांनी मधेच एकदा वाकून अक्षरांतलं अंतर पाहिलं. "तिसरं जरा जवळ घ्या," म्हणाले. तिनं घेतलं.

मग दोघं निघाले. पुढे म्हातारे, मागे एक पाऊल सोडून धाकटा.

निकालाला वेळ लागेल, असं वकील म्हणतात. शिक्षा होईल, असंही म्हणतात. पण पुढच्या आठवड्यात तुकडीतला एक दांडगा शिपाई खोलीत आला आणि खिशातून कोरी पट्टी काढून उभा राहिला.

"नाव भरून मिळेल का?"

"आदेश आलाय?" काजवालीनं विचारलं.

"नाही. माझ्या मागून आणखी तिघं येतील." त्यानं पट्टी टेबलावर ठेवली. "मी खरंच हवेत झाडली होती. पण तेही नावानिशी सांगायचंय."

पट्टीवालीनं सुईत दोरा ओवला.

"सांगा," ती म्हणाली. "पूर्ण नाव."