दुबईच्या चाकूचा खटका

रमजानचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. मिरकरवाड्यातल्या घराच्या पडवीत त्यानं घडीचे तीन चाकू मांडले आणि लेकीला, समरीनला, हाताला धरून समोर बसवलं. पुढच्या महिन्यात तिचा निकाह. पण दुबईला नोकरीला असलेला तिचा थोरला भाऊ अद्नान यायचं नावच काढत नव्हता. 'अब्बांचं बोट मी घालवलं, आता कुठल्या तोंडानं येऊ?' असं त्यानं बहिणीला कळवलं होतं.

बोट गेलं होतं हे खरंच. दोन वर्षांमागे होडीच्या पंख्यात अडकलेला दोर कापताना अद्नाननं पाठवलेला चाकू हातातल्या हातात मिटला आणि रमजानच्या उजव्या तर्जनीची शीर तुटली. तेव्हापासून बोट वाकत नाही, जाळ्याची सुई धरवत नाही. "भंगार पाठवलंन मेल्यानं बापाला!" हे रमजाननं साऱ्या बंदराला ऐकवलं होतं. फोनवर अद्नानलाही.

"अब्बा, तुम्हीच बोलवा ना त्याला," समरीन रोज मागे लागायची. आज रमजान म्हणाला, "आधी डोळ्यांनी बघ, तुझ्या भावानं काय पाठवलंन ते."

त्यासाठी त्यानं बाजारातून दोन नवे चाकू आणले होते. एकाचा खटका मुठीच्या पाठीवर, दुसऱ्याला मुठीच्या तोंडाशी फिरवून आवळायची कडी. अद्नानच्या चाकूत मुठीच्या आतून एक पोलादी पट्टी. पातं उघडलं की ती सरकून त्याच्या बुडाशी टेकायची आणि पातं मिटू द्यायची नाही. निदान देऊ नये अशी अपेक्षा!

त्यानं एकेकाची मूठ शिकंज्यात आवळली आणि पात्याच्या पाठीवर लाकडी हातोडीनं ठोके घातले. पाठीवरच्या खटक्यानं वीस ठोके खाल्ले, जरा खुळखुळला, पण सुटला नाही. कडी थोडी फिरली, तरी पातं उभंच राहिलं. अद्नानचा चाकू दुसऱ्या ठोक्याला खाटकन मिटला.

"बघितलंस? आता बोल!"

समरीन घरी शिवणकाम करायची. ती उठून मशीनचा बारका पेचकस घेऊन आली. "उघडून बघते."

"बघ. मोती निघतील आतून!"

मोती कसले, आत पिवळट चिकट राड निघाली. त्यात वाळू, माशाचे खवले. पट्टीच्या मागं आणि बुडाशी सगळं गच्च बसलेलं, त्यामुळे पट्टी अर्धीच सरकत होती. समरीननं बोट नाकाशी नेलं.

"अब्बा, हे खोबरेल आहे."

रमजाननं ती राड स्वतः हुंगून पाहिली. होडीवरून उतरला की कोयत्याला, सुरीला, जे लोखंड हाताला लागेल त्याला तो खोबरेल चोळायचा. खाऱ्या हवेत गंज चढू नये म्हणून त्याचे अब्बाही तेच करायचे. अद्नानचा चाकू तर लाडका, त्याला दुप्पट. पण कोयत्याला खटका नसतो, आणि खटक्यात मुरलेलं तेल चिकटून वाळू धरतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. अपघातानंतर तो चाकू तसाच डब्यात पडून होता.

समरीननं सगळे भाग डिझेलनं धुतले, पुसले, जोडले. रमजाननं हातोडी उचलली. वीस ठोके झाले, तीस झाले. पट्टी तसूभर हलेना.

"मीट की रे! मीट!" तो ओरडत होता आणि ठोकत होता. चाळिसाव्या ठोक्याला हातोडीचा दांडा चिरला. चाकू उघडाच राहिला.

"अब्बा, पुरे," समरीन म्हणाली. तिनं फोन लावून त्याच्या हातात दिला.

"अब्बा?" पलीकडून अद्नान घाबरून म्हणाला. "बोट कसं आहे? दुखतंय का?"

दोन वर्षं शिव्या खाऊन पोरानं आधी बोटाची चौकशी केली! रमजानला वाटलं, फोन ठेवून द्यावा. पण समरीन समोरून हलेना.

"बोट मरू दे. तुझा चाकू चांगला होता. मीच तेल चोळचोळून त्याचा खटका बसू दिला नाही. ऐकलंस? मी चुकलो."

अद्नाननं हळूच विचारलं, "मग मी निकाहला येऊ का, अब्बा?"

सख्ख्या बहिणीच्या लग्नाला यायची परवानगी मागत होता पोरगा. रमजानला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. "ये रे बाबा," एवढंच कसंबसं त्याच्या तोंडून निघालं.