खालची पायरी

गारिफालियाने मुलगा देवाला दिला तो भक्तीने नव्हे, भीतीने. क्रीटच्या डोंगरात मेंढ्यांच्या चोरीवरून स्त्रातीने तिच्या नवऱ्याला गोळी घातली, तेव्हा सिफिस तेरा वर्षांचा होता. मिसरूड फुटलं की पोराने बापाचा सूड घ्यायचा, ही तिथली रीत. सासू तर दिवस मोजत बसली होती. गारिफालियाने एके सकाळी पोराचं मनगट धरलं आणि जेरुसलेमला निघालेल्या एका साधूच्या हवाली केलं. गावातल्या बायका तिला तोंडावर म्हणाल्या, "पोराला झगा नाही, परकर नेसवलास हो." तिने ऐकून घेतलं. पोराचे हात रक्ताविना कोरडे राहिले, तिला तेवढं पुरे होतं.

अकरा वर्षांनी ती आली ती त्याला परत न्यायला. स्त्राती गेल्या हिवाळ्यात अंथरुणातच मेला. त्याचे तिघे मुलगे टोप्या हातात घेऊन तिच्या दारात आले, तिच्या ताटात जेवले, आणि वैर मिटलं. सिफिसची शेवटची दीक्षा अजून व्हायची होती, तोवर त्याला परतता येत होतं. बोटीत तिने ही बातमी मनातल्या मनात शंभरदा सांगून पाहिली होती.

शहर काटेरी तारांनी मधोमध चिरलेलं. पण सिफिस जिथं राहायचा त्या चर्चच्या आतली वाटणी पाहिली तर तारा बऱ्या म्हणायची पाळी. निरनिराळ्या पंथांच्या मठांत खांब वाटलेले, दिवे वाटलेले, झाडायच्या फरशाही वाटलेल्या. जो जागा झाडेल त्याची ती जागा, हा इथला कायदा. अंगणातल्या जिन्याची खालची पायरी मात्र सिफिसचा मठ आणि समोरचा मठ यांच्या भांडणात अडकलेली, म्हणून तिच्यावर कुणीच झाडू फिरवायचा नाही असं ठरलेलं. सरकारं आली नि गेली, पायरीवरची घाण जागची हलली नाही.

"आई, इथं बस. तुझ्या राहण्याचं गुरूंना विचारून येतो," सिफिस म्हणाला. आता चांगला दाढीवाला, रुंद खांद्यांचा झाला होता. "आणि कशाला हात लावू नकोस."

"मी काय दुकान लुटायला आलेय का?"

तो हसत वर गेला. ती खालच्या पायरीवर टेकली. कबुतरांची विष्ठा, मेणाचे थर, बोटभर धूळ. देवाच्या दारात ही दशा, आणि एवढे धडधाकट पुरुष नुसते हिंडतायत. आयुष्यभर जिने उंबरा पुसल्याशिवाय चूल पेटवली नाही, तिला हे बघवेना. तिने डोक्याचा रुमाल सोडला, बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि पायरी खसाखसा घासायला घेतली.

"ए म्हातारे! कुणी पाठवलं तुला?" समोरच्या मठाचा एक पांढऱ्या दाढीचा साधू धावत आला.

"कुणी कशाला पाठवायला हवं? डोळे फुटलेत का तुमचे?"

त्याने रुमाल हिसकला. तिने सोडला नाही. त्याने ढकललं, तशी ती कडेला आपटली आणि तिचा ओठ फुटला. वरून सिफिसने ते पाहिलं.

पुढचं तिला थांबवता आलं नाही. सिफिसने दारातली पितळी समई उचलली, खाली झेपावला आणि पहिलाच घाव म्हाताऱ्याच्या तोंडावर घातला. दात फरशीवर पडले. दोन्हीकडून साधू धावले, कुणी झाडू घेऊन, कुणी बाकडं घेऊन. झगे फाटले, दाढ्या मुठीत धरून डोकी भिंतीवर आदळली. एकाचा हात कोपरापासून उलटा लोंबत होता. सिफिस मात्र त्या म्हाताऱ्याच्या छातीवर बसून मारतच होता, लाकूड फोडावं तसा, ओठ घट्ट मिटून. गारिफालियाने त्याचा झगा ओढला, नाव घेऊन टाहो फोडला. चर्चच्या दारावरच्या शिपायांनी त्याला खेचून काढलं, तेव्हा म्हाताऱ्याचा एक डोळा राहिला नव्हता आणि श्वास चालतोय की नाही ते कुणालाच सांगता येईना.

ज्याने त्याने आपापली माणसं, सिफिसलाही, शिपायांच्या हातून सोडवून आत ओढली आणि दारं लावली. शिपायांना साक्ष द्यायला कुणी पुढे आलं नाही.

मठाच्या स्वयंपाकघरात ती त्याचे हात धूत होती. परातीतलं पाणी तिसऱ्यांदा लाल झालं. बाहेर कुणीतरी ओरडलं, पायरी आता आपली. सिफिसच्या डोळ्यांत तिने कधी न पाहिलेली चमक होती.

"मला वाटायचं, माझ्या हातून होणार नाही," तो म्हणाला. "होतं गं, आई. सोपं असतं. मी येतो तुझ्याबरोबर. स्त्राती आहे ना अजून?"

"मेला."

"त्याला मुलगे होते ना? तीन?"

गारिफालियाने त्याचे ओले हात सोडले. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो मुलगा आपणहून घरी यायला निघाला होता.

"सगळे अमेरिकेला गेले," ती म्हणाली. "आपलं घरही विकलं मी. तिथं आता तुझं काही नाही, सिफिस. तू इथंच राहा. दीक्षा घेऊन टाक."