मुंग्या आल्या की हात वर

आमच्यात मामाचं भाच्याला मिळतं ते हेच. आईकडून मला आलं, ताईकडून तिच्या लेकाला. हिमोफिलिया. एकदा रक्त वाहायला लागलं की थांबायचं नाव नाही. बाहेर वाहिलं तर निदान दिसतं तरी, आमचं मेलं आत सांध्यांत जाऊन साठतं. माझ्या लहानपणी औषध मिळायचं नाही, गुडघ्याखाली उशी मिळायची. खिडकीतून ज्या पोरांचे खेळ बघत मी पडून असायचो, त्यांना आता टकलं पडलीत आणि माझे दोन्ही गुडघे लाकूड झालेत. चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. बसून करायचं काम आहे, चाललंय.

भाच्याचं तसं व्हायचं नव्हतं. त्याला इंजेक्शनं होती. दर रविवारी तो पोहण्याच्या तलावावर जायचा, तिथे सगळी आमच्याच रक्ताची पोरं. कार्ट्यांनी एकमेकांना नावं काय ठेवलीत बघा: ज्याचा जो सांधा सारखा सुजतो, ते त्याचं नाव. एक घोटा, एक कोपर, एक खांदा. आमचा डावा, म्हणजे डावा गुडघा. पहिल्याच दिवशी कोपरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही तर अख्खी जोडीच की!’’ हसून हसून माझी पुरेवाट झाली. शाळेत आमच्या पोराला कुणी चेंडूसुद्धा टाकत नसे, जणू काचेचं भांडंच. इथे तो टपल्या मारत होता आणि खातही होता.

त्यांचा एक नियम होता. सांध्यात रक्त उतरू लागलं की सूज दिसायच्या आधी आत गरम मुंग्या येतात. त्या डॉक्टरांनाही दिसत नाहीत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तर मुंग्या आल्या की हात वर करायचा, आणि एकाचा हात वर गेला की सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचं. बर्फ लावून एकट्याने बसायचं नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चक्क रडलो होतो.

मग डॉक्टरांनी सांगितलं, इंजेक्शन आता याला लागू पडत नाही. अंग औषधालाच शत्रू समजतंय. दुसरं औषध मागवलंय, बघू कधी येतं ते. ताईने पोहणं बंद केलं. भांडलो तो मीच. तलावावर रोज येणारी मुलं, ज्यांना आमची पोरं ‘साधी माणसं’ म्हणतात, त्यांनी पहिल्यांदाच आमच्या चौघांशी शर्यत लावली होती. एकामागून एक चौघांनी पोहायचं, आणि आमच्याकडे पाचवा गडी नव्हता. ‘‘एवढी एक होऊ दे गं,’’ मी म्हणालो.

‘‘मग तू सोबत जा,’’ ताई म्हणाली. ‘‘तुला कळतं. जरा काही वाटलं तर थांबव त्याला.’’

मी कडेच्या बाकावर पाय लांब करून बसलो. चौघं रांगेत उभे होते, आमचा शेवटी. शिट्टीवाला शिट्टी तोंडात धरून साध्या माणसांची रांग लावत होता. तेवढ्यात मला दिसलं की आमचा डावा टाच टेकवत नाहीये. गुडघा जरासा मोडूनच ठेवलाय. काहीतरी पडल्याचं निमित्त करून तो वाकला आणि त्याने गुडघा आतल्या बाजूने दाबला.

त्याने वर बघितलं, मी बघतोय हे बघितलं, आणि मान हलवली. नको.

हात तो वर करणार नव्हता. त्याने हात वर केला की तिघांना शर्यत सोडावी लागणार. ज्या नियमाने त्याला एकटं पडू द्यायचं नाही, त्यानेच पोराचं तोंड बांधलं होतं. मी त्याचं नाव घेऊन ओरडलो असतो, तर सगळ्यांचा खेळ मोडणारा तोच ठरला असता. गप्प बसावं, तर माझे गुडघे माझ्यासमोर होते. इकडे आड तिकडे विहीर.

मी माझा हात वर केला.

‘‘मुंग्या,’’ म्हणालो. धडधडीत खोटं! माझ्या गुडघ्यांत आता मुंग्यांना यायलाही जागा उरलेली नाही.

एकाही पोराने तोंड वाकडं केलं नाही हो. कुरकुरले असते तर बरं वाटलं असतं. कोपर बर्फ घेऊन आला, घोट्याने पायाखाली टॉवेल सारला, खांदा म्हणाला, ‘‘लाजू नका मामा, होतं असं.’’ मिसरूडही न फुटलेलं पोर मला धीर देत होतं. ‘‘पुन्हा कधीतरी बघू,’’ शिट्टीवाला म्हणाला, आणि साधी माणसं सूर मारून मोकळी झाली.

आमचा जागचा हलला नव्हता.

आमच्या पोरांसाठी दर रविवारी तलावावर असणाऱ्या सिस्टर माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांच्या कानात म्हणालो, ‘‘मला नाही, त्याला.’’ त्यांनी जाऊन त्याच्या गुडघ्याला हात लावला. तापला होता. इंजेक्शनचं मी विचारलं, उत्तर माहीत असून विचारलं. ‘‘उपयोग नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बर्फ ठेवायचा, पाय हलवायचा नाही, आणि वाट बघायची.’’

निघेपर्यंत त्याला पाय टेकवेना. माझ्या गळ्यात हात टाकून तो पायऱ्या उतरायला लागला. मी कठड्याला धरून, तो मला धरून.

‘‘चार गुडघ्यांत एक धड,’’ मी म्हणालो. तो हसला नाही.

शेवटच्या पायरीवर दम खायला थांबलो, तेव्हा तो म्हणाला, ‘‘मामा, पुढच्या वेळी तू येऊ नकोस.’’

‘‘बरं.’’

‘‘आई येऊ दे. तिला काही कळत नाही.’’

बोलताना त्याचा सगळा भार माझ्या मानेवर होता आणि मला तो झेपत नव्हता. पुढची वेळ कधी, ते त्याने विचारलं नाही. मी पुन्हा एकदा बरं म्हणालो आणि त्याला सोडला नाही.