डाव्या बाजूचं गाणं

"डावा कान इकडं कर, येंकट्या. हलू नको."

लसूण टाकून कोमट केलेलं करडीचं तेल, चिमटीत धरलेला कापसाचा बोळा, आणि कपाळ आपल्या मांडीवर दाबून धरणारी माय. कधीचा तो आवाज. परभणीतल्या दुकानात बन्सीधरनं डोक्यावर हेडफोन चढवला, काळी वाटी डाव्या कानावर येऊन बसली, आणि चाळिशीला टेकलेल्या व्यंकटीनं लहान लेकरासारखे डोळे मिटून घेतले.

"झोपले का काय व्यंकटीभाऊ? अजून टेप लावली न्हाई मी."

"लावा की शेठ. कुणी अडवलंय?"

बाजूच्या स्टुलावर केशरबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. परभणीत मावशीला भेटून दोघं नवराबायको दुकानात आले होते. ती हसली, पण नजर नवऱ्यावरून काढली नाही.

व्यंकटीचा धंदा लाऊडस्पीकरचा. मानवतच्या आसपास लग्न असो, बारसं असो, भोंगा त्याचाच. पण आता जमाना डिस्कोचा आला होता. जिनिंगवाल्या आबासाहेबांचा मुलगा पुण्याहून शिकून आला होता आणि त्याच्या वरातीत गाणं कुठंही तुटायला नको होतं. एक कॅसेट संपायच्या आत दुसरीचा ठोका पहिलीच्या ठोक्यात मिसळला पाहिजे. त्यासाठी दोन डेक लागतात, आणि पुढचं गाणं आधीच कानात ऐकायला हेडफोन. परभणीचा एक पोरगा हे काम सराईतपणे करत होता. व्यंकटीनं मागच्या लग्नात हेडफोनशिवाय, अंदाजानं करून पाहिलं, तर दोन गाणी एकमेकांवर अशी आदळली की नाचणारी पोरं थांबून हसायला लागली. "व्यंकटीभाऊ, पूर्णा जंक्शनला डबे जोडायलाय का?" एकानं ओरडून विचारलं होतं. आबासाहेबांनी तरीही शब्द दिला होता. ही वरात नीट झाली तर सगळी लगीनसराई तुझी. नाही झाली तर परभणीचा पोरगा आहेच.

"हे बघा," बन्सीधरनं काऊंटरवर तीन हेडफोन मांडले. "हा हलका. कॉलेजची पोरं नेतात. ह्याच्यात ठोका न्हाई, नुसती चिरचिर."

"कानात डास शिरल्यावानी," केशरबाई म्हणाली.

"बरोबर बोलल्या वहिनी. आन् हा भारीतला. ऐकायला साखर. पण ह्याच्या वाट्या जाळीच्या. बाहेरचा बँड आत येतो, आतलं बाहेर जातं. घरी खाटंवर पडून ऐकायचं काम. तुमच्यासाठी हा मधला. वाटी बंद. डिस्कोला ठोका दणकट पायजे, पण ठोक्यानं बाकीचं गिळून टाकायला नको. वायर पीळदार, कुणाचा पाय अडकला तरी तुटत न्हाई." त्यानं मधल्या हेडफोनची एक वाटी मागं वळवून दाखवली. "आन् हे बघा. एक कान आत, एक कान भोंग्याकडं. सगळी कला ह्या दोन कानांत हाय."

व्यंकटीनं मान हलवली. ती जरा जास्तच वेळ हलत राहिली.

त्याचा डावा कान गेला होता. माय गेली त्या उन्हाळ्यापासून हळूहळू विझत गेला आणि मागच्या पोळ्यापर्यंत पार बंद झाला. वर्षानुवर्षं भोंग्याच्या तोंडाशी उभं राहिल्यावर दुसरं काय व्हायचं, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. डॉक्टर केला नाही. कुणाला सांगितलं नाही. आवाजाचा धंदा करणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याच्या दारात कोण येणार? घरात केशरबाईलाही त्यानं कळू दिलं नव्हतं.

बन्सीधरनं कॅसेट लावली. व्यंकटीनंच आणलेली, कोरी घेऊन औरंगाबादेत भरून आणलेली. नुसतं यंत्राचं संगीत. त्यात कुणी माणूस गात नव्हतं. उजव्या कानात ठोका सुरू झाला. स्वच्छ, गोल, भरीव. ठोक्याच्या मागं झांजेसारखं काहीतरी बारीक वाजत होतं, तेही सुटं ऐकू येत होतं. व्यंकटीची बोटं काऊंटरवर ताल धरू लागली. डावीकडं नेहमीसारखं काहीच नव्हतं. आड बुजवल्यावर जमीन जशी गप्प असते तसं.

आणि मग त्या गप्पपणात जातं फिरायला लागलं.

आधी नुसती घरघर. व्यंकटीला वाटलं टेप घासायलीय. पण ही घरघर डावीकडून येत होती. ती थोडी स्थिरावली आणि तिच्यावर बाईचा आवाज चढला. दाणे टाकताना मधूनच थांबणारा, खालच्या पट्टीतला.

*कानी घालिते कापूस, वारं झोंबतं लेकरा*
*तुझ्या कानाचं दुखणं, मी ग बांधिते पदरा*

त्याची बोटं थांबली.

"काय झालं? ठोका कमी वाटायलाय का?" बन्सीधरनं विचारलं असावं. व्यंकटीला फक्त त्याचे ओठ हललेले दिसले.

त्यानं हेडफोन काढून बन्सीधरच्या हातात दिला. "शेठ, तुमी बघा बरं. ह्याच्यात बाई गायलीय का?"

बन्सीधरनं ऐकलं, मान डोलावली, खांदेही जरा हलवले. "बाई कुठली? नुसती मशीन हाय. मस्त वाजायलीय."

व्यंकटीनं हेडफोन परत घेतला आणि ह्या वेळी उलटा घातला. धंद्यातला माणूस होता तो. डाव्या वाटीत काही भरलं गेलं असेल तर आता ते उजव्या कानात यायला हवं. ठोका उजवीकडंच राहिला. जातं डावीकडंच फिरत होतं. वाटी बदलली, पण आवाजानं कान बदलला नाही.

दुकानाबाहेर सायकली जात होत्या, समोरच्या हॉटेलात भजी तळत होती, भर दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. त्यानं उजवी वाटी बाजूला केली आणि त्या कानात बोट घातलं. रस्ता, भजी, बन्सीधर, सगळं एकदम विझलं. उरली ती फक्त माय.

*जाते लांबच्या गावाला...*

बन्सीधरनं काहीतरी सांगायला टेप बंद केली. कॅसेटची चाकं थांबलेली व्यंकटीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. आवाज मात्र लगेच थांबला नाही. त्यानं आधी श्वास घेतला, पुढची ओळ उचलायला घेतात तसा. मग तो गेला.

"आवो," केशरबाई उठून जवळ आली होती. "घाम किती आलाय तुमाला. आणा इकडं, मी बघते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमच्या भोंग्यापायी अर्धं आयुष्य कान दाबून काढलं. तेवढं तरी कळंल."

बन्सीधर हसला आणि त्यानं टेप पुन्हा सुरू केली. केशरबाईनं पदर सावरून हेडफोन घातला. पहिल्यांदा ती लाजली. एवढ्या जवळ ठोका ऐकून हात तोंडाशी गेला. मग हात खाली आला. चेहरा पांढऱ्या कापसासारखा झाला. तिची बोटं पदराच्या काठावरून फिरू लागली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गाठ शोधत असल्यासारखी.

"काय ऐकू आलं?" व्यंकटीनं विचारलं.

तिनं हेडफोन हळूच काढून काऊंटरवर ठेवला. "ठोका चांगला हाय," ती म्हणाली. "हाच घ्या."

बसस्टँडवर नामांतराच्या घोषणा रंगवलेल्या भिंतीवर कुणीतरी अर्धवट चुना फिरवला होता. मानवतची गाडी लागलेलीच होती. व्यंकटी खिडकीशी बसला, केशरबाई त्याच्या उजवीकडं. हेडफोनचं खोकं तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरलं होतं, आत काही जिवंत असल्यासारखं. गाव मागं पडलं. दोन्ही अंगांना कापसाची रानं सुरू झाली; वेचणी होऊन गेलेली, एखाद्या बोंडात राहिलेला कापूस संध्याकाळच्या उन्हात लोंबत होता.

व्यंकटी त्या कापसाकडं बघत राहिला. मग बाहेरच बघत बोलला.

"केशर, ते खोकं परत करावं लागंल. माझ्याच्यानं ते काम व्हायचं न्हाई. डावा कान गेलाय माझा. पार गेलाय."

गाडी एका थांब्यावर थांबून पुन्हा निघाली.

"ठाव हाय," ती म्हणाली.

"कवापासून?"

"बैलाला उजवा-डावा कळतो, मला नवऱ्याचा कळू नये? ताट वाढते तेबी उजवीकडून. बसते तेबी उजवीकडं. तुमी सांगत न्हाई, मी विचारीत न्हाई. चाललंय." तिनं खोकं सरळ केलं. "आबासाहेबांच्या वरातीला मी येते संगं. हेडफोन मी घालते. पुढचा ठोका आला की तुमच्या पाठीवर थाप मारीन, तुमी बटण फिरवा. दोघांचे मिळून तीन कान हायती, लय झाले."

व्यंकटीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. "मग दुकानात आज... डावीकडून मला..."

"उठा," केशरबाई म्हणाली. "मला खिडकीशी बसू द्या."

तो उठला. ती सरकून खिडकीशी गेली आणि तो तिच्या जागेवर बसला. आता ती त्याच्या डावीकडं होती. ह्या बाजूला ती कित्येक महिन्यांत बसली नव्हती.

"तुमची माय, आत्याबाई, झोपेत गेल्या म्हणून सांगितलं मी तुमाला," ती बोलू लागली. ती त्याच्याकडं न बघता पुढच्या सीटच्या दांडीकडं बघत होती. गाडीचा खडखडाट चालू होता आणि तिचा आवाज मुळीच मोठा नव्हता. "झोपेत न्हाई गेल्या. चांगल्या जाग्या होत्या. गावाकडं वालूरच्या घरात आमी दोघीच. शेजारच्या गावातून तुमचा भोंगा वाऱ्यावर ऐकू येत व्हता. मी म्हणलं, कुणाला तरी सायकलीवर धाडते, बोलावून आणते. तर हात धरला माझा. म्हणल्या, लेकरू वाजवायलंय, कुणाचं तरी लगीन हाय, बोलवू नको. त्याला सांगू बी नको, न्हाई तर भोंगा टाकून देईल. मग डाव्या कुशीवर वळल्या. समोर तुमीच निजलाव असं समजून गायला लागल्या. आज हेडफोनात ऐकली ती. तीच ओवी. मी ती कुणापुढं म्हणलेली न्हाई, कुणी टेपात भरलेली न्हाई."

व्यंकटीनं तिच्याकडं तोंड वळवलं नाही. काय म्हणालीस, असंही विचारलं नाही. उजवा कान तिच्याकडं करायची सवय होती त्याला. तेही त्यानं केलं नाही.

"अर्धीच ऐकली मी," तो म्हणाला. "शेठनं टेप बंद केली."

केशरबाई त्याच्या डाव्या कानाशी वाकली. गायली नाही, नुसती बोलल्यासारखी म्हणाली,

"जाते लांबच्या गावाला, गाठ पदराची सुटंना. लेका, तुझ्या डाव्या कानी, माझं बोलणं तुटंना."