अर्ध्या ताटाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. अंगाला पोचे पडलेत, पण झाकण अजून असं घट्ट बसतं, की आजकालच्या प्लास्टिकच्या डब्यांनी पाहून शिकावं. तेवढा तोरा मला माफ करा.

यंत्राने पत्रा दाबून मला घडवलं आणि दुकानातून एका बाईने मला घरी नेलं. तिला थोरली लेक आणि धाकटा मुलगा. ती विजारी शिवायच्या कारखान्यात कामाला जाई. तिथे दुपारचं जेवण मिळे. ती अर्धं खाई, अर्धं माझ्यात भरे आणि खटकन झाकण लावी. शाळेतून आलेली पोरं माझ्यावर तुटून पडत. "तू नाही जेवत?" असं विचारलं की ती म्हणे, "मी जेवून आलेय." ते अर्धं खरंच होतं. त्या दिवसांत माझा काय थाट होता म्हणून सांगू!

मग मुलं मोठी झाली, नोकरीसाठी मोठ्या शहरात गेली. माझ्यात बटणं आली आणि माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. जेवणाचा वासही मी विसरलो.

यंदा दोघांनी आईला सुट्टीसाठी शहरात बोलावलं. "आमच्या आवडीच्या सगळ्या जागी तुला खायला घालायचंय," लेक फोनवर म्हणाली. आईने बटणं ओतून काढली, मला घासलं आणि पिशवीत टाकलं. "असू दे, लागेल," ती स्वतःशीच पुटपुटली.

पहिल्या दिवशी मुलाने आईला आणि बहिणीला नूडल्सच्या दुकानात नेलं. उंच स्टुलं, वाफाळते वाडगे, दाराबाहेर रांग. पहिल्याच घासाला आई "वा!" म्हणाली. वाडगा अर्ध्यावर आला आणि तिचा हात थांबला. पिशवीतून मी बाहेर, नूडल्स माझ्यात, झाकण बंद!

"आई, हे कोणासाठी?" मुलाने विचारलं.

"तुमच्यासाठी. संध्याकाळी भूक लागेल."

"अगं, आम्ही समोर बसून खातोय!"

तिलाही हसू आलं. पण दुसऱ्या दिवशी बेकरीत पुन्हा तेच. मुलाचा चेहरा पडला. पहिल्या पगारापासून त्याच्या मनात एकच होतं, आईने एकदा भरलं ताट संपवावं. "हा डबाच फेकून देतो!" तो म्हणाला. आई कानकोंडी झाली.

"हात आपोआप थांबतो रे. मी तरी काय करू?"

शेवटच्या दिवशी लेकीची पाळी. नदीकाठचं छोटंसं हॉटेल, भाजलेले बटाटे आणि तळलेली मासळी. तिने एक ताट जास्तीचं मागवलं आणि मला पिशवीतून काढलं. मला काठोकाठ भरून, झाकण लावून तिने मला आईच्या मांडीवर ठेवलं.

"घे. आमच्या वाटचं काढून झालं. आता तुझ्या ताटातलं सगळं तुझं."

आईने मला उचलून वजन पाहिलं आणि जेवायला सुरुवात केली. ताट अर्धं झालं. हात थांबला. तिने मला चाचपलं. मी गरम होतो, गच्च भरलेला होतो. मग ती पुढे जेवली. पावाच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं. मुलगा उगाच खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होता.

मित्रांनो, मला घासून कोरडा ठेवा, आपटू नका, हे मी सांगणारच. डबा आहे मी. पण तुमच्या घरी कोणी आपल्यातलं बाजूला काढत असेल, तर "पोट भरलं का?" एवढंच विचारून उठू नका. उत्तर हो असंच येईल. जरा समोर बसून राहा. त्या दिवशी ताट संपवून आई काय म्हणाली, ठाऊक आहे? लाजत लाजत म्हणाली, "अजून थोडं मागवलं तर चालेल का?"