टेबलाखालचा पंखा

शुक्रवारी साडेतीनला रॉडमास्तर नापास झाले. लगेच हळहळू नका. हे घडलंच नाही असं धरून सोमवारपासून सुरुवात करू, म्हणजे माणसाला निदान चार दिवस तरी सुखाचे मिळतील.

तेही मिळाले नाहीत म्हणा.

सव्वीस वर्षं मास्तरांनी वेल्डिंगच्या साध्या रॉडने लोखंड जोडलं. कारखान्यातले सगळे जिने आणि साहेबांच्या खुर्चीचा मोडलेला पाय त्यांच्याच हातचा. आता स्टेनलेसच्या टाक्यांचं काम आलं आणि हुकूम सुटला, सगळ्यांनी टिग वेल्डिंग शिकायचं. शुक्रवारपर्यंत परीक्षा द्यायची. जो नापास होईल त्याची बदली गेटवर, रजिस्टर घेऊन बसायला.

टिगमध्ये उजव्या हातात जाळ आणि गॅस सोडणारा टॉर्च, डाव्या हातात तार आणि करंट कमीजास्त करायला पायाखाली पेडल. मास्तरांनी आजवर पाय फक्त उभं राहायला वापरलेला. त्यांनी पेडल दाबलं, पत्र्याला भोक. पुन्हा दाबलं, मोठं भोक.

संध्याकाळी बायकोने त्यांना आपल्या शिलाई मशीनवर बसवलं.

"अहो, चिरडताय काय? झुरळ आहे का ते? पाय नुसता ठेवायचा."

"ठेवलाय!"

"ओरडताना दाबला जातो. आधी तोंड मिटा."

उजव्या हातात पेन्सिल, डाव्या हातात विणायची सुई, तोंड मिटलेलं. शेजारी काहीतरी मागायला आला होता, तो दारातूनच परत गेला.

बुधवारी मास्तरांच्या टेबलावर जोड चांदीसारखा उतरला. मग ते परीक्षेच्या खोलीत सराव करायला गेले. तिथे तोच जोड काळा, भोकाभोकांचा, जळक्या स्पंजसारखा.

"हात कापतो तुमचा," साहेब कोपऱ्यातल्या टेबलामागून म्हणाले. "वय झालं, मास्तर."

मास्तरांनी टॉर्चमधल्या टंगस्टनच्या कांडीचं टोक पुन्हा घासलं. पत्रा पुसला. गॅसच्या पाइपाला साबणाचा फेस लावला, एक बुडबुडा नाही. सिलिंडर बदलला. जोड काळाच. आता बदलायचं राहिलं होतं फक्त वय, आणि ते स्टोअरमध्ये मिळत नव्हतं.

"तुमच्या टेबलावर छान, तिथे खराब?" रात्री बायको म्हणाली. "माझा दोरा उडायला लागला की मी हात नाही तपासत. पंखा कुठेय ते बघते." आणि तिने वीतभर पांढरा दोरा तोडून दिला.

गुरुवारी परीक्षेच्या खोलीत मास्तरांनी तो टॉर्चच्या तोंडाशी बांधला. दोरा आडवा झाला. वारा येत होता साहेबांच्या टेबलाखालून. तिथे नवाकोरा पंखा फिरत होता आणि साहेबांचे उघडे तळपाय त्याच्यासमोर समाधानाने पसरले होते.

"साहेब, पंख्याने जोडावरचा गॅस उडतोय. गॅस उडाला की जोडाला हवा लागते, जोड काळा पडतो."

"पंखा मंजूर आहे."

"मंजूर वाराही वाराच ना!"

"बाकीचे तिघे मंगळवारी पास झाले. तेव्हा नाही उडाला गॅस?"

"पंखा बुधवारी आलाय!"

"म्हणजे तुम्ही पंख्यावर आरोप करताय?" साहेबांनी पाय आणखी पसरले. "परीक्षेत परिस्थिती बदलता येत नाही."

बघता बघता शुक्रवार आला. मास्तरांनी पुन्हा एकदा पंखा बंद करायला सांगितलं. साहेबांनी तो दोनवरून तीनवर केला. मास्तरांनी तोंड मिटलं, पाय नुसता ठेवला, हात दगडासारखा चालवला. जोड काळा. साहेबांनी लिहिलं, 'हात कापतो.'

मास्तरांनी हातमोजा काढला. पालथा हात साहेबांच्या नाकासमोर धरला आणि त्यावर टंगस्टनची बारीक कांडी आडवी ठेवली.

"बघा. कापला की सांगा."

कांडी हलली नाही. टेबलावरचा निकालाचा कागद तेवढा फडफडत होता. साहेबांनी त्याच्यावर कोपर ठेवलं आणि खुर्चीत मागे रेलले. खुर्चीच्या पायाचा जोड अजून पक्का होता, याचं मास्तरांना त्या क्षणी मनापासून वाईट वाटलं.

सोमवारी गेटवर बसून त्यांनी अर्ज लिहिला. शेवटच्या ओळीत आधी 'नम्र विनंती' लिहिलं, मग 'नम्र' खोडलं. पेन चांगलं दाबून, पण कागदाला भोक पडू न देता.

'…सदर परीक्षेस माझ्यासोबत एक टेबलपंखाही पूर्णवेळ हजर होता व निकालात त्याचा वाटा माझ्यापेक्षा मोठा आहे. तरी त्यास नापास घोषित करून त्याचीही बदली तात्काळ गेटवर करण्यात यावी, ही विनंती.'